अर्धी पोकळ, अर्धी भरीव

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत मत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा कामगार मैदानावर घ्यावी की शिवाजी पार्कात, नळावर आधी कोणाची कळशी, शेवंतीच्या कालवणात मीठ कमी की तिखट जास्त, सगळ्यावर सगळ्यांचं मत तयार. अशा चाळीत माझ्या नवऱ्याने विजेवर वाजणारी गिटार करायला घेतली. मग काय, लोकांना आयतंच कुरण मिळालं.

नवऱ्याचं नाव रामदास. तोंडाने मी ते घेत नसे, पण इथे 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याला कुठले हे ते कळायचं नाही, म्हणून रामदासच लिहिते. शिवडी बंदरात गोदामावर कामाला होते आणि संध्याकाळी बाबुरावांच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. पार्टी बाबासाहेबांची गाणी म्हणायची आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू व्हायच्या आधी गर्दी जमवायलाही तिलाच बोलावणं यायचं. ढोलकीला कुशाबा होता. त्याला वाटायचं, पार्टी त्याच्या दोन हातांवर चालते.

गिटारीचं खूळ बंदरातून आलं. एका परदेशी बोटीवरचा खलाशी धक्क्यावर बसून चार जाड तारांची, लांब मानेची गिटार वाजवत होता. रामदासांनी खाणाखुणा करून ती हातात मागून घेतली. तिच्या दोन्ही अंगांना वाकड्या फटी होत्या. त्यांनी काडी पेटवून फटीतून आत बघितलं, तर मधोमध भरीव ठोकळा आणि डावी-उजवीकडे पोकळ. घरी आल्यावर भाकरीवर बोटाने रेघा ओढून त्यांनी मला ते सगळं समजावलं.

"सगळी पोकळ केली ना, तर कर्ण्यासमोर नुसती शिट्टी मारते. सगळी भरीव केली तर आवाज येतो, पण मेल्यागत. म्हणून मधे ठोकळा आन् दोन्ही अंगाला पोकळ. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. "भाकरी गार होतेय."

फुटक्या चहाच्या खोक्यांचं पातळ प्लायवुड त्यांनी गोदामातून मागून आणलं. मधल्या ठोकळ्याला मोडक्या दाराच्या चौकटीचं सागवान मिळालं. जाड तारा गिरगावातल्या पियानो दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने जुन्या पियानोतून काढून दिल्या. आवाज विजेत कसा घालायचा ते लाउडस्पीकरवाल्या सीतारामने बघितलं. जुन्या टेलिफोनमधलं लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी काढून त्याने ती तारांखाली बसवली. काम चालायचं गॅलरीत, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून नाक खुपसायचा.

"पोट न्हाय तर आवाज येनार कुठनं?" कुशाबा म्हणाला. "वीणा बघ, तंबोरा बघ, सगळ्यांना भोपळा हाय. ह्याला समोरनं बघितलं तर अंग हाय, बाजूनं बघितलं तर काहीच न्हाय."

बाबुरावांना वेगळंच सुचलं. राज्य आता झाल्यातच जमा होतं, तर गिटारीला महाराष्ट्राच्या नकाशाचाच आकार द्यावा, म्हणजे स्टेजवर वाजवताना मुंबई बरोबर वाजवणाऱ्याच्या हाताखाली येईल. ह्यावर कुशाबाने विचारलं, "आन् बेळगाव कुठं बसवनार?" शेवंतीचं म्हणणं, रंग तांबडा हवा, मोटारीसारखा. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की उभा चिरलेला फणस दिसतोय. त्यानंतर काही दिवस रामदास माझ्याशी जेवणापुरतंच बोलले.

सगळ्यात मोठं भांडण भोकांवरून झालं. कुशाबा म्हणे, भोकं ठेवलीस तर झुरळं घर करतील. बाबुराव म्हणे, भोकं नसली तर लोकांना वाटेल पाटाला तारा बांधून आणल्यात. शेवटी रामदासांनी दोन बाजूंना दोन लांब वेलांट्या कापल्या. कापताना एक दुसरीपेक्षा जराशी रुंद झाली, ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही.

मनापासून चांगलं बोलल्या त्या एकट्या शेजारच्या कमलाबाई. दारात उभं राहून त्या बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "ग्वाड दिसतंय रं. दोन्ही गालांनी हसल्यागत." रामदासांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच खाली घातली. आमच्या घरातलं कोणीच कमलाबाईंच्या डोळ्याला डोळा देत नसे.

त्याचं कारण माझे सासरे. बुधाजी त्यांचं नाव. गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते आणि चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. धर्मांतर झालं तेव्हा टोपली घेऊन दारोदार फिरून त्यांनीच देव गोळा केले आणि शिवडीच्या खाडीत सोडून आले. त्यात ढोंग कणभर नव्हतं. ज्या देवांनी आपल्याला पायरीशी उभं केलं नाही ते आपल्या खोलीत कशाला, असं ते म्हणायचे, आणि मला ते पटायचं, आजही पटतं. पण मामंजी तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्याच्या घरात देव सापडेल त्याने आंबेडकर जयंतीला चौकात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर उभं राहायचं, अध्यक्ष एकेक वाक्य सांगतील ते मागून म्हणायचं, असा नियम त्यांनी केला. मागल्या वर्षी कमलाबाईंच्या वळकटीत मरीआईचा टीचभर मुखवटा निघाला.

कमलाबाई विधवा. एकुलती एक मुलगी पटकीने गेलेली. मुखवटा त्या मुलीच्या आजारात आणलेला होता, हे सगळी चाळ जाणून होती आणि चौकात ते कोणीही बोललं नाही. मामंजी सांगत होते, कमलाबाई म्हणत होत्या. मधे त्या अडखळल्या तर मामंजींनी त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि मी जागची हलले नाही, कोणीच हललं नाही. नंतर नळावर बायका त्यांना न मागता पुढे जाऊ द्यायला लागल्या. त्या मात्र कळशी घेऊन पुन्हा मागे जाऊन उभ्या राहायच्या.

मामंजींनाही गिटारीबद्दल मत होतं. "बाबासाहेबांच्या गाण्याला हे कंबरेचं वाद्य शोभत न्हाय," ते म्हणाले. "सरळ कर."

"बाबा, कंबर नसली तर मांडीवर बसत नाही."

"मग रंग तरी निळा दे."

असा निळा रंग ठरला. तो वाळल्यावर मी गुपचूप हात फिरवून बघितला आणि फणसाचा शब्द मनातल्या मनात मागे घेतला. खरंच सुरेख झाली होती. बारीक मान, उतरते खांदे, निळ्या अंगावर त्या दोन काळ्या वेलांट्या. तालमीत तिचा आवाज असा घुमला की खालच्या मजल्यावरची भांडी हलली. कुशाबासुद्धा म्हणाला, "बरी हाय." कुशाबाच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

जयंतीच्या तोंडावर खोलीला चुना द्यायचं निघालं. फळ्या, डबे, ट्रंका, सगळं सामान गॅलरीत आलं. माझ्या सासूबाई, राधाबाई, एरवी एका जागी न बसणारी बाई, त्या दिवशी गिटारीला चिकटून बसून होत्या. पोरं हात लावतील, म्हणाल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, तोंडाने बोलत नाहीत, पण मुलाच्या हातच्या वस्तूचं त्यांना कौतुक आहे.

जयंतीच्या संध्याकाळी चौक भरून गेला. नायगावहून, शिवडीहून माणसं आली होती. पंधरवड्यावर नवं राज्य येणार म्हणून सगळ्यांच्या अंगात वेगळंच वारं होतं. मामंजींनी वंदना घेतली, दोन शब्द बोलले आणि स्टेजवरच तसबिरींच्या बाजूला खुर्चीवर बसले. मग पार्टी बसली. रामदासांनी गिटार मांडीवर घेतली तशी सगळ्या चौकात कुजबुज झाली. माझ्या मागे कोणीतरी विचारलं, हे काय आहे. शेवंतीने मान वळवून सांगितलं, "बेस म्हनतात त्याला. आमच्या चाळीत केलाय." जसा काही तिनेच रंधा मारला होता.

पहिला सूर छातीत लागला. दुसऱ्याला आतून खरखर आली. बाबुरावांनी गाणं उचललं, पण प्रत्येक ठोक्याला गिटारीच्या पोटात काहीतरी थडथडत होतं, आणि सीतारामचे कर्णे ते जसंच्या तसं भोईवाड्याला ऐकवत होते. लोक हसायला लागले. कुशाबा माईकजवळच होता. "म्हटलं न्हवतं? पोटात दुखतंय तिच्या," तो म्हणाला आणि हशा वाढला.

रामदासांचे कान लाल झाले. त्यांनी तारा दाबून पाहिल्या, प्लायवुड दाबून पाहिलं. शेवटी उभं राहून गिटार पालथी धरली आणि जोरात हलवली. रुंद झालेल्या वेलांटीतून आधी जुन्या लुगड्याची चिंधी आली आणि तिच्या मागून काहीतरी खणकन फळीवर पडलं. माईक चालू होता. तो आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मामंजी खुर्चीवरून उठले आणि वाकून त्यांनी ते उचललं. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेला घोड्यावरचा खंडोबा. देव्हाऱ्यात ठेवायचा टाक. त्यांनी तो तळहातावर घेतला, अंगठ्याने एकदा पुसला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय हाय, अध्यक्ष?" खालून कोणीतरी विचारलं.

बाबुरावांनी डोकावून बघितलं आणि हळूच म्हणाले, "टाक हाय. खंडोबाचा." हळू बोलले तरी माईकने ते सगळ्यांना सांगितलं.

चौकात आता हसू राहिलं नव्हतं. सगळ्यांना एकच गोष्ट कळत होती, की देव अध्यक्षांच्या घरातून निघाला आणि नियम अध्यक्षांचाच होता. रामदास गिटार छातीशी धरून उभे होते. त्यांनी बापाकडे बघितलं, मग बायकांच्या बाजूला बघितलं. माझ्याकडे.

"हे आमच्यातलं न्हाय," ते म्हणाले. "शांताच्या माहेरचं असंल. तिकडं गावाकडं अजून जेजुरीला जातात."

माझ्या वडिलांनी आमच्या गावात सगळ्यांच्या आधी देव्हारा मोकळा केला होता. रामदासांना ते माहीत होतं. लग्नात चार माणसांना त्यांनीच ते कौतुकाने सांगितलं होतं. मला रडू आलं नाही. मला त्यांची लाज वाटली. आपल्याच माणसाची अशी लाज वाटली की ती कुठे लपवावी तेच कळत नाही, कारण ज्याच्या मागे लपायचं तोच समोर उभा असतो. मी सासूबाईंकडे वळले. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. तेव्हा मला कळलं, गॅलरीत दिवसभर काय चाललं होतं.

बोलले असते तर त्या उभ्या राहिल्या असत्या. न बोलले तर मी. एवढा हिशोब मला जागच्या जागी कळला आणि तोंड उघडेना.

मामंजींनी माईक हातात घेतला. "सूनबाई," ते म्हणाले, "पुढं ये."

मी उठले. त्याग वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. रागाने पाय चालत होते, एवढंच. मामंजी माझ्याकडे बघत नव्हते, मुठीतल्या टाकाकडे बघत होते. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय आखडून मला वाट दिली. ह्याच बायका कळशी भरायला मला आता पुढे जाऊ देणार, असं मनात आलं, आणि मग मात्र माझा चेहरा तापला.

"तिला बसवा."

आवाज मागून आला. कमलाबाई उठून उभ्या होत्या.

"टाक माझा हाय. मीच टाकला त्या भोकातनं. रंग वाळत हुता तवा."

कोणाचा विश्वास बसला नाही. कमलाबाईंची खोली मागल्या वर्षी कोपरान् कोपरा झाडून बघितली होती, मामंजींनी स्वतः. तरी त्या गर्दीतून वाट काढत आल्या, मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि तसबिरींसमोर, स्टेजच्या खाली, मागल्या वर्षीच्याच जागी उभ्या राहिल्या. हात जोडले आणि कोणी सांगायच्या आधी म्हणाल्या, "मी माझ्या घरात देव लपवला." एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य सांगायची पाळी अध्यक्षांची होती.

मामंजींच्या हातात माईक होता. तो त्यांनी तोंडापाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला.

तेवढ्यात सासूबाई आल्या. कधी उठल्या ते मी बघितलंच नाही. त्या कमलाबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि वर न बघता भराभर बोलल्या, जसं काही थांबल्या तर पुढचं येणार नाही. "माझ्याकडं हुता. सासूनं मरताना हातात दिल्याला. पिठाच्या डब्यात ठिवलेला. चुना द्याया आले तवा डबं भाईर काढलं, म्हनून त्या भोकात सोडला. मग काढाया गेले तर बोटांस्नी लागंना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शांते, मी उठनार हुते. पाय उचलंना गं."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि येत नव्हता.

मामंजींनी माईक बाबुरावांच्या हातात दिला आणि स्टेजवरून खाली उतरले. मुठीतला टाक त्यांनी तसबिरींखालच्या टेबलाच्या कडेवर ठेवला, फुलांपासून लांब. मग दोघी बायकांच्या शेजारी येऊन लोकांकडे तोंड केलं.

"हा माझ्या आयचा हाय," ते म्हणाले. "हातात घेतल्याबरोबर मी वळखला. वळखला, आन् तरी सुनेला हाक मारली."

मामंजी तसबिरींकडे वळले आणि हात जोडले. मंडळाची बाकीची माणसं एकमेकांकडे बघत होती, पण वाक्य सांगायला पुढे यायची कोणाची छाती झाली नाही. बाबुरावांनी माईक बंद केला. रामदासांनी गिटार फळीवर आडवी ठेवली, खाली आले आणि रांगेच्या टोकाला, माझ्या शेजारी उभे राहिले. "शांता," ते पुटपुटले. मी थोडी सरकले. त्यांना जागा द्यायला नव्हे, त्यांचा खांदा लागू नये म्हणून.

सगळे वाट बघत होते आणि सांगणारं कोणीच नव्हतं. शेवटी कमलाबाईंनी सुरुवात केली. त्यांना सगळं पाठ होतं. त्या अगदी हळू आवाजात सांगत होत्या, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी माझ्या घरात देव लपवला."

मामंजींनी ते सभेतल्या आवाजात म्हटलं.

"मी माझ्या मानसांना फसवलं."

तेही त्यांनी म्हटलं. सासूबाई त्यांच्या मागून म्हणत होत्या. वाक्यं संपत गेली तसा मामंजींचा आवाज घोगरा होत गेला, पण त्यांनी तो खाली आणला नाही. शेवटचं वाक्य झालं. कमलाबाईंनी हात सोडले. मामंजींनी सोडले नाहीत.

"मी ह्याच्यासाठी कमलाबाईला हितं उभं केलं," ते म्हणाले. हे वाक्य कोणी सांगितलेलं नव्हतं.

कमलाबाईंनी पुन्हा हात जोडले. मामंजी बोलले की मागून म्हणायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. "मी ह्याच्यासाठी कमलाबाईला," एवढं त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.